पिवळी कड

आण्णांनी नागवेलीचं एक पान तोडलं, उलटसुलट करून बघितलं आणि बांधावर टाकलं.

"कुणाचातरी विटाळ झालाय मळ्याला."

बांधाखाली गवत कापणाऱ्या त्यांच्या सुनेचा, विजयमालेचा विळा थांबला. ज्या पानमळ्यात सासरे वहाणा काढून पाय ठेवतात, त्यात ती सोमवारी बाहेरची असताना शिरली होती! वासरू आत घुसलेलं, घरात दुसरं कुणी नाही. काय करणार होती बिचारी? धावली.

पण ती शिरली तेव्हा पानं आधीच बिघडलेली होती. खालची पानं कडेनं पिवळी, शिरा हिरव्या, शेंडे तजेलदार. उसाच्या पाटालगतच्या ओळी तेवढ्याच. अगदी असाच पिवळेपणा तिनं उसातल्या घोळीच्या तणावर पाहिला होता, आण्णांनी तणाचं औषध मारल्यावर. शेतकी खात्याचा माणूस चहा पिताना सांगत होता, की पान उन्हात आपलं अन्न शिजवतं, हे औषध मुळातून चढतं आणि ती चूलच विझवतं. ऊस तेवढा ते पचवतो. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं.

हे सांगायचं, तर पानं कधी पाहिली ते विचारणार आणि सोमवारचंही सांगावं लागणार. नवरा पलटणीत, पाठराखण करायला कोण? ती पुन्हा गवत कापू लागली.

"पाणी कमी पडलं आसंल," आण्णांनी खोरं उचललं. "उसातलं फोडून हिकडं घेतो."

"मामंजी, नगा!"

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. घराकडनं सासू तानुबाई लगबगीनं आली.

"उसातल्या पाण्यातनं तणाचं औषध येतंय. त्यानंच वेल पिवळं पडल्यात. सोमवारीच पडलं हुतं," विजयमाला म्हणाली.

"सोमवारी? तुला काय ठावं?" आण्णांनी विचारलं.

"मी आत गेलते. वासरू काढाया."

सोमवारी ती कुठल्या कोपऱ्यात बसली होती, ते आण्णांना ठाऊक होतं. ते खोरं घेऊन पाटाशी गेले, उसाकडच्या तोंडाला चिखल लावला आणि खोऱ्यानं थापून थापून घट्ट केला. थेंब येईना.

मागे वळून बायकोला म्हणाले, "गोमूत्र आण. शिंपडाय लागंल."

"आणते की," तानुबाई म्हणाली. "पर आवं, शिंपडू कुटं? हिच्यावर, का तुमच्या औषधाच्या पंपावर?"