पायपट्टीवरचं नाव

गहिनीनाथ तांबटाने बाजाच्या, म्हणजे देशमुखांच्या पियानोच्या, पायाने दाबायच्या दोन्ही पितळी पायपट्ट्या स्क्रू काढून सुट्या केल्या आणि ओसरीवर गोणपाटावर मांडल्या. झाकणाच्या बिजागऱ्या आणि मेणबत्त्यांची शमादानं सकाळीच लख्ख झाली होती. चिंचेचं पाणी मात्र त्याने आतल्या तारांपासून चार हात लांब ठेवलं होतं. तारेला एक थेंब लागला तरी गंज धरेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

युसूफ वडगाव या गावच्या मोहनराव देशमुखांनी हा पियानो औरंगाबादच्या छावणीतल्या एका साहेबाकडून हौसेने घेतला, बैलगाडीत घालून घरी आणला, आणि हौस तिथेच फिटली. आठ वर्षं त्याच्यावर पापडांचे डबे होते. आता गुरुवारी जिल्ह्याचे मोठे अधिकारी, तालुकदारसाहेब, मुक्कामाला यायचे होते. त्यांच्या बेगमसाहेबांना तो नजराणा म्हणून द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे डबे खाली उतरले.

गहिनीनाथने उजवी पट्टी राखेने घासायला घेतली आणि उजेडाकडे तिरपी धरली.

“मालकीणबाई, डावी पट्टी हाय तशी काळी हाय. उजवीवर मात्र लई ओरखडे. बारीक बारीक.”

दारात उभ्या असलेल्या वत्सलाबाईंनी पाय मागे घेतले. जोडवी फरशीवर वाजली. तीस वर्षं बायकांची भांडी उजळणाऱ्या गहिनीनाथने मान वर केली नाही.

“कवा वाजवता?”

“हे केजला कचेरीत गेले की. आई जात्यावर म्हणायची ती चाल येती तेवढी. बसवली एकेक सूर दाबून. यांना ठावं न्हाई.”

“मग सांगावं की.”

“तालुकदाराला सांगावा गेलाय. आता मी कुठं मधी बोलू?”

बाजा गेला तर दुपारी काय करायचं, या विचाराने वत्सलाबाईंचा जीव चार दिवसांपासून थाऱ्यावर नव्हता.

“घासून टाका ते ओरखडे,” त्या म्हणाल्या.

“टाकतो. नजराण्याची वस्तू, म्हणजे नाव घालायचं काम न्हाई. नाव घातलेलं भांडं कुणी दुसऱ्याला देत न्हाई.”

त्याने हे सहज, कामाचं म्हणून सांगितलं. वत्सलाबाई आत गेल्या आणि माहेरची तांब्याची घागर घेऊन आल्या. तिच्या गळ्यावर लग्नात घातलेलं त्यांचं नाव होतं. घागर त्यांनी पायपट्टीला खेटून ठेवली.

“हीबी उजळायची हाय,” असं म्हणून त्या थांबल्या नाहीत.

दिवस कलताना मोहनराव घोड्यावरून उतरले. पट्ट्या पुन्हा जागेवर बसल्या होत्या. उजवीवर ठसठशीत कोरलं होतं : सौ. वत्सलाबाई मोहनराव देशमुख.

“हे काय केलंस बे?”

“चुकलं मालक. घागरीवर घालायचं नाव पट्टीवर पडलं. दोनी शेजारीच होत्या.”

“घासून काढ.”

“लई खोल गेलंय. पट्टीच तुटंल.”

मोहनरावांनी घागर उचलली. गळ्यावरचं नाव सतरा वर्षांनंतरही अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तिथे दुसऱ्या नावाची गरजच नव्हती. ते वाकले आणि पट्टीवरून बोट फिरवलं. नावाभोवतीचे ओरखडे गहिनीनाथने तसेच ठेवले होते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी पदर सावरला, पण या वेळी पाय मागे घेतले नाहीत.

मोहनराव पगडी काढून खाटेवर बसले. बराच वेळ मिशीला हात लावून होते. हसू लपवायची त्यांची ही जुनी खोड होती.

“बेगमसाहेबांना चांदीची गुलाबदाणी जाईल,” ते म्हणाले. “उद्या ती उजळायला घे, गहिनीनाथ. अन् नाव घालायची ती छिन्नी आत्ताच माझ्याजवळ दे.”