गुडघ्यातलं पाणी

दैवशालाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. 'शहागडला हुरड्याला या. खाली बसता येत नाही म्हणाल, म्हणून शेतात बाज टाकून ठेवलीय,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. बदनापूरच्या वाचनालयात आम्ही निवृत्त होईपर्यंत एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मी नोंद करायचो, त्या पुस्तक द्यायच्या. देण्याआधी पदरानं पुसायच्या. पत्र पौषात आलं, आता फाल्गुन लागला होता. गुडघा बरा झाला की कळवू, असं मी स्वतःला समजावत होतो.

जालन्याच्या लॅबमध्येही ते पत्र खिशात होतं. डॉक्टरांनी सुजलेल्या गुडघ्यातून सुईनं पाणी काढलं, पिवळसर, गढूळ. त्यातला थेंब काचेवर घेऊन लॅबमधली प्रीती लगेच मायक्रोस्कोपला बसली. लहानपणी ती वाचनालयात यायची.

"सर, पान दुमडलं की केवढे ओरडायचे आमच्यावर! आज गुपचूप बसा."

"युरिक ॲसिडच असेल," मी म्हणालो. "रक्तात जास्त निघालं होतं. तेव्हापासून डाळ, शेंगदाणे सगळं बंद आहे."

"नुसत्या रक्तावरून बराबर कळत न्हाई, सर. सांध्यातले खडे बघावे लागतेत. युरिक ॲसिडचे सुयांवानी चमकतेत."

सुयाच दिसाव्यात, असं मला वाटलं. तो आजार ओळखीचा होता. तो असला की कुठं जायचं नसतं.

"या, तुम्हीच बघा."

मी डोळा लावला. काळोखात आखूड, चौकोनी, फिकट कण. सुई एकही नव्हती.

"हे कॅल्शियमचे. डॉक्टर सांगतीलच. मंग काय, खा आता शेंगदाणे!"

डॉक्टरांनी तेच सांगितलं. गोळ्या बदलल्या, पथ्य सोडवलं, हिंडाफिरायला सांगितलं. पाणी निघाल्यानं गुडघा हलका झाला होता, इतका की मी घाबरलो. आता न जाण्याला कारण उरलं नव्हतं.

परतताना गाडीच्या खिडकीतून शेतात आडवी पडलेली ज्वारी दिसत होती. काढणी झाली होती.

बदनापूरला उतरून पोस्टात गेलो. दोन कार्डं खाडाखोडीत गेली. तिसऱ्यावर एवढंच लिहिलं: 'हुरडा सरला असेल. बाज काढू नका. येतो.'

पेटीच्या तोंडाशी हात जरा थांबला. मग कार्ड आत पडल्याचा आवाज आला, अगदी हलका.