सव्वा महिना

“सव्वा महिना भरल्याबिगर उंबरा नको ओलांडू, इंदू. लोकं नावं ठेवतीन.”

शेजारची केसरमाय दारात आडवी उभी राहिली. इंदूने पदर खोचला आणि पुस्तकं पिशवीत भरली. पोरीचं बारसं कालच झालं होतं.

“आपुन बौद्ध झालो ना, केसरमाय? मंग इटाळ कोठचा?”

“धरम बदलला, पोरी. आंग थोडंच बदललं?”

इंदू हसली आणि तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडली. तिला थांबता येत नव्हतं. नागपूरहून एलएल.बी. झाली तरी तेवढ्यावर वकिलीची सनद मिळत नव्हती. वर्षभर एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, त्याचा दाखला घ्यायचा, परीक्षा द्यायची. मगच मुंबईची बार कौन्सिल नाव दाखल करून घेणार. मधे लांब खंड पडला तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आणि साऱ्या अकोल्यात तिला आपल्या कचेरीत बसू देणारे म्हातारे खुशालराव वकील एकटेच निघाले होते.

अर्ध्या वाटेवर मागून शिव्या ऐकू आल्या. पोरीला पदराखाली घेऊन केसरमाय भराभर येत होती.

“तुले मराचं त मर! लेकराले उपाशी काहून मारून राहिली?”

त्या दिवसापासून खुशालरावांच्या मागच्या अंगणात, टिनाच्या सावलीला, केसरमाय पोरीला घेऊन बसू लागली. आत इंदू दावे वाचायची, पण कान अंगणात. पोरगी रडली की पेन थांबायचं. फार वेळ रडलीच नाही, तरी इंदू उठून बघून यायची.

वर्ष पुरं झालं. परीक्षाही झाली. अर्ज मुंबईला गेला आणि पाठोपाठ एक निनावी तक्रारही गेली. बाई बाळंतपणात महिनाभर घरीच होत्या, खुशालरावांनी मेहेरबानी म्हणून पूर्ण वर्षाचा दाखला दिला, असं तिच्यात होतं. दाखला देणाऱ्याच्याच शब्दावर संशय, म्हणून त्यांना विचारून भागणार नव्हतं. कौन्सिलने चौकशीसाठी अमरावतीच्या एका वयस्क वकिलांना धाडलं.

ते घरी आले तेव्हा इंदूचा नवरा धर्मपाल ऑफिसात होता. साहेब खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “शेजारपाजारचं कोणी बोलवा.” शेजारपाजार म्हणजे केसरमायच. ती नवं लुगडं नेसून आली आणि भिंतीला टेकून बसली. इंदू चहा ठेवायला आत गेली.

“बाई, ह्या बाळंत झाल्यावर कामावर कधी जाऊ लागल्या?”

“कामावर? अवं माय! सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकला तिनं. चांगल्या घरची पोरगी हाय, साहेब. रीतभात जानते.”

साहेबांनी लिहून घेतलं. आत इंदूने ते ऐकलं.

चहा घेऊन ती बाहेर आली. केसरमायने तिच्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, भिऊ नको, सांभाळलं मीनं. इंदूला रडू येईल असं वाटलं. गप्प राहावं तर वर्ष वाया गेलं. आणि खुशालराव खोटे ठरले, ते ह्या वयात. बोलावं तर कोणाविरुद्ध?

“साहेब, मी ह्यांना एक विचारू?”

“विचारा.”

ती केसरमायसमोर खाली बसली.

“केसरमाय, बारशानंतर पोरीच्या आंगावर घामोळं उठलं होतं ना वं? कायनं?”

“कायनं म्हंजे?” केसरमाय उसळली. “त्या खुशालरावच्या टिनाखाली! दुपारी टिन तापे अन् लेकराची भाकर होये. मी तुले रोज सांगो, खुशालरावले म्हन, टिनावर कापसाच्या पऱ्हाट्या टाका...”

पुढचं वाक्य तिने गिळलं. तोंडावर पदर गेला.

इंदू तिच्याकडे पाहू शकली नाही. साहेब चहा फुंकत राहिले.

केसरमाय उठली. “मी तुही इज्जत झाकली, माय,” ती हळूच म्हणाली, “अन् तुनं मलेच उघडं पाडलं.” आणि गेली.

साहेबांनी कप खाली ठेवला. मघाशी लिहिलेल्या ओळीवर त्यांनी काट मारली. “शेजारीणबाई बारशानंतर मुलीला घेऊन रोज कचेरीच्या अंगणात बसत असत. एवढंच लिहितो,” ते म्हणाले. “बाकीचं कौन्सिलला काय करायचंय?”

इंदूने हात जोडले.

रात्रभर तिला वाटत राहिलं, आता केसरमाय येणार नाही. सकाळी कडी वाजली. केसरमाय आत आली, इंदूकडे न पाहता पोरीला उचललं आणि पोरीलाच म्हणाली, “सांग तुह्या मायले, दूध पाजून जाय म्हना. आन् घामोळ्याची माती कोठी ठेवली, इचार. तिले लय इचारता येते.”

सनद आली त्या दिवशीही ती पोरीलाच म्हणाली, “तुही माय वकील झाली म्हनते. पेढा चांगला हाय.” वर्षभर सगळं असंच पोरीकरवी. इंदू ऐकून घ्यायची, पोरीला सांगावं तसं उत्तर द्यायची, आणि रोज निर्धास्त कोर्टात जायची. मग धर्मपालची बदली झाली.

आता इंदू अमरावतीच्या कोर्टात उभी राहते. पोरगी पहिलीत आहे. केसरमायला लिहिता-वाचता येत नाही, आणि ह्या उन्हाळ्यात तिला दिसेनासं झाल्याचं कानावर आलं आहे. इंदूला दोनदा निघायचं होतं. एकदा पोरीला ताप, एकदा कोर्टाची तारीख. तेव्हा तुमच्यापैकी कोणी अकोल्याकडे जात असेल, तर तेवढं तिच्याकडे डोकावून या. चूल पेटते का, पाणी कोण आणून देतं, बघा. तब्येतीचं एकदम विचारू नका, उडवून लावेल. आधी पोरीचं सांगा. मग बोलेल.