तिला कुठलं येतंय

पेट्रोल पंपाच्या मागे मास्तरांनी काचेवरचा लाल 'एल' नखाने सोलून काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि बायकोला म्हणाले,

"चल, सरक."

ती निमूट उतरली आणि पलीकडे जाऊन बसली. राज्याची हद्द ओलांडून तीन तास गाडी तिनेच आणली होती. मेहुण्याचं घर इथून दोन किलोमीटर. दर खेपेला अदलाबदल इथेच व्हायची आणि फाटकातून शिरताना स्टिअरिंगवर मास्तर असायचे. बत्तीस वर्षं गणितात भल्याभल्यांना नापास केलेले मास्तर गाडीच्या परीक्षेत तीनदा आपटले होते. बायको मात्र पहिल्याच फटक्यात पास झाली. सासुरवाडीला या गोष्टीचा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता, निदान त्यांची तशी समजूत होती.

आज पुढच्याच वळणावर पोलिसांचा नाका लागला होता. हवालदाराने हात केला. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

"परवाना दाखवा, काका." त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हा शिकाऊ आहे. तोही दुसऱ्या राज्याचा."

"चालतो की. मी नियम वाचलेत." मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा लागला.

"चालतो, पण शेजारी पक्का परवानेवाला हवा. बाईंना गाडी येते?"

"छे, तिला कुठलं येतंय."

हे वाक्य सासुरवाडीच्या इतक्या बैठकांत म्हणून झालं होतं की ते आपसूक बाहेर पडलं. बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. बायकोचा हात पर्सच्या चेनवर होता. तिने ती उघडली नाही.

"मग गाडी इथेच राहील," हवालदाराने वही काढली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनेच काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं.

"तुम्ही सांगाल तसं," ती हळू म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला येते," ते पुटपुटले. "मला येत नाही."

"मोठ्याने बोला, काका."

फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोरांना ते अगदी असंच म्हणायचे. त्यांनी मोठ्याने सांगितलं. हवालदाराने तिचा परवाना पाहिला, परत दिला आणि तिलाच गाडी घ्यायला सांगितलं. तो हसला असता तरी बरं वाटलं असतं.

भावाच्या गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली आणि आपल्या बाजूचं दार अर्धवट उघडलं.

"या इकडे. तो फाटकात उभा असेल."

हे मास्तरांना नाक्यापेक्षा जड गेलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तूच चल."

मेहुणा "या भाऊजी" म्हणत सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला आला आणि बहिणीला बघून थबकला. लगेच सावरून त्याने आत डोकावलं.

"पाय दुखावला का, भाऊजी?"

"पाय धड आहे. मला गाडी येत नाही. हिला येते."

मेहुणा गोरामोरा झाला.

"ताई, तू सांगितलंस यांना? आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे म्हणून?"

"नाही रे," ती म्हणाली आणि तिने किल्ली काढली.

मास्तर मान खाली घालून सीटचा पट्टा सोडवत होते. तो सुटेना.