सहा फुटांखालची माती

"निघतच नाही साली," न्हाणीत नखं घासता घासता रावसाहेब पुटपुटले.

दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या सुनंदाबाईंनी ते ऐकलं. नवरा सकाळी चारबाग स्टेशनवर गेला होता, गावाकडची रिझर्वेशनं करायला. तिकिटाच्या खिडकीवर कुणाच्या नखात चिकणमाती जाते?

रावसाहेब सरकारच्या माती-पाहणी खात्यात होते. गोमती आणि घाघरा या दोन नद्यांमधला मुलूख त्यांनी एकतीस वर्षं गिरमिटानं भोकं पाडत तपासला होता. त्यांच्या पायातली चिखलट पायताणं घासता घासता सुनंदाबाईही शिकल्या होत्या: नदीकाठची रेती, मधली दोमट, जिच्यात गहू डोलतो, आणि खोल खणलं की लागते ती चिकण. येत्या मार्चमध्ये, म्हणजे सत्याण्णवात, निवृत्ती. मग भंडाऱ्याला परत. हे इतक्या वर्षांपूर्वी ठरलं होतं, की आता त्याबद्दल कुणी बोलत नसे.

दुपारी ते घोरायला लागल्यावर बाईंनी पलंगाखाली हात घातला. तीन कापडी पिशव्या निघाल्या. त्यावर नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठ्या: चिनहट, एक फूट. चिनहट, तीन फूट. चिनहट, सहा फूट. चिनहट म्हणजे शहराच्या कडेचं गाव. खात्याचा नमुना-नंबर एकीवरही नाही. रावसाहेब स्वतःच सांगायचे, गव्हासाठी बघणारा तीन फुटांवर थांबतो. सहा फूट जातो तो घराच्या पायासाठी.

त्यांनी मुलीला, रुचिराला विचारलं. तिनं टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "पापा से पूछिए ना." म्हणजे हिलाही ठाऊक.

चहाच्या वेळी त्यांनी तिसरी पिशवी कपाशेजारी ठेवली. "हे काय करून राहिले तुम्ही?"

रावसाहेबांनी चहात बोट बुडवून टेबलावर दोन रेघा ओढल्या. ही गोमती, ही घाघरा. मधे कुठून कुठून माणसं आली आणि उंचवटा बघून वसली. स्वस्त म्हणून सखलात उतरली ती पुरात गेली. चिनहटचा तुकडा उंचावर आहे, पाणी गोड आहे. वर्गात शिकवावं तसं ते बोलत होते. बाई ऐकत होत्या. एवढा भूगोल हा माणूस काहीतरी टाळायचं असलं की सांगतो, हे त्यांना पाठ होतं.

"आणि भंडारा?"

गेल्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीहून दोघं गावी गेले, तेव्हा वडिलोपार्जित घरातल्या त्यांच्या खोलीची किल्ली रावसाहेबांच्या धाकट्या भावाला, बाबुरावला, सापडली नव्हती. चार रात्री ओसरीवर काढल्या. दाराच्या फटीतून बाईंना आत छतापर्यंत रचलेली धानाची पोती दिसली होती, जाऊबाईंचं शिलाई मशीनही. परतीच्या गाडीत किल्लीबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं.

"सापडली असेल आतापर्यंत किल्ली," रेघांकडे बघत रावसाहेब म्हणाले. घाघरा वाळत आली होती.

सुनंदाबाईंनी पिशवीची सुटलेली नाडी नीट बांधली.

"किल्ली हरवलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "आपली जागा नाही राहिली तिथं."