दुसरा पंखा झोपलाय

मी एक ग्राफिक्स कार्ड आहे, आणि आज मी बोलणार आहे. आजवर दुसऱ्यांचीच चित्रं काढत आले, स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. कार्डाला लोक 'ते' म्हणतात. म्हणोत. मी स्वतःला बाईच समजते. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्याइतकं राबून दाखवावं.

मी राहते लोहाऱ्यात, तहसीलच्या मागच्या गल्लीत, गजराबाईच्या पत्र्याच्या खोलीत. टेबलाखाली एक काळा डबा आहे, कॉम्प्युटरचा. त्याच्या पोटात मी आडवी खोचलेली. माझ्या अंगावर माझा छोटा पंखा. माझ्या वर प्रोसेसर बसतो, त्याचा पंखा वेगळा. विचार करायचा त्यानं आणि पडद्यावर दिसतं ते रंगवायचं मी, अशी आमची वाटणी. कागदावरची.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, दहा-बारा वर्षांपूर्वी. पहिलं घर सोलापूरचं, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एका स्टुडिओत. काय दिवस होते ते! हळदीनं माखलेले गाल, उडणाऱ्या अक्षता, हार घालताना उंच उचललेला नवरा. सगळं माझ्यातून जायचं आणि एक अक्षतासुद्धा अडखळायची नाही. माझ्या कंपनीचा ड्रायव्हर तेव्हा माझ्यासोबत होता. ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला नव्हे. मशीनचं म्हणणं मला आणि माझं मशीनला समजावून सांगणारा दुभाषा. तो म्हणायचा पळ, मी पळायचे.

मग नवी कार्डं आली. कंपनीनं आमच्यासारख्या जुन्यांकडं पाठ फिरवली आणि तो दुभाषाही काढून घेतला. स्टुडिओनं आख्खा डबा विकला. तो घेतला लोहाऱ्याच्या सोमलिंगनं. त्याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा कामाचा, फक्त तोंड हातापेक्षा जास्त चालतं. त्यानं डब्यात लिनक्स घातलं, कारण दुसरं काही त्या जुन्या मशीनला झेपत नव्हतं. लिनक्ससोबत माझ्यासाठी नवा दुभाषा आला. त्याच्याबद्दल पुढं सांगते, कारण त्याला फार शिव्या बसल्या आणि त्या त्याच्या वाट्याच्या नव्हत्या.

सोमलिंगकडून मला गजराबाई घेऊन आली. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते, दोन शेळ्या राखते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. तिची एकुलती लेक शिवकन्या, बावीस वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. मला आणलं ते तिच्यासाठी.

झालं होतं असं. कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा एक कोर्स पुण्यात चालतो. शिवकन्येनं अर्ज केला आणि तिला मुलाखतीला बोलावणं आलं, व्हिडिओ कॉलवर, खुणांच्या भाषेत. मुलाखत घेणारे तिघं. मोबाइलवर तिघांचे हात नखाएवढे दिसतात, म्हणून कळवलं होतं की मोठ्या पडद्यापुढं बसा, कमरेपासून वर सगळं दिसू द्या. वर्षातून एकदाच जागा निघतात. शिवकन्येनं तारखेवर पेनानं गोल काढला. पंधरा दिवस हातात होते.

सराव म्हणून तिनं तिच्या जुन्या शाळेतल्या इरम्मा मॅडमना कॉल लावला आणि माझी अब्रू गेली.

चित्र अडकत होतं. मॅडमचा हात वर उठलेला दिसायचा आणि मग एकदम मांडीवर. मधलं सगळं गायब. खिडकी सरकवली तर तिची सावली मागं रेंगाळायची. मॅडमनी विचारलं एक, शिवकन्येनं उत्तर दिलं भलत्याचंच. पलीकडं मॅडमनाही तिचे हात तुटक दिसत होते. त्यांनी शेवटी पाटीवर लिहून दाखवलं, "तू अशी मुलाखत दिलीस तर त्यांना वाटेल, तुला भाषाच येत नाही."

सोमलिंग आला. त्यानं धूळ उडवली, वायर बदलली, रॅमची एक पट्टी वाढवली. इंटरनेटवाल्याला बोलावलं, त्यानं स्पीड मोजला, चांगला निघाला. मग सोमलिंगनं एक गाणं लावलं आणि मान डोलवली.

"आवाज तर खणखणीत हाय की, मावशी. कशाला टेन्शन घेता? चित्र जरा अडकतंय, पण बोलणं कळतंय."

गजराबाई चुलीपुढून उठली.

"आवाज घेऊन माझ्या लेकीनं काय करायचं रं? चित्र हेच तिचं बोलणं हाय. तुझी जीभ दर शब्दाला धरून ठिवते, मग बोलून दाव."

सोमलिंगनं गाणं बंद केलं. जाताना एवढंच म्हणाला की मशीन म्हातारी झाली, नवी बघा. मी म्हातारी? माझं अंग गार होतं. मला कुणी कामालाच लावलं नव्हतं!

पण हे सांगू कुणाला? कानवाले येऊन कानानं तपासून गेले. डब्यातून घरघर येत होती, एवढंच त्यांना कळलं. दोन पंख्यांची घरघर एकात एक मिसळलेली असते, ती कानाला सुटी करता येत नाही.

शिवकन्येला येते. पिठाची गिरणी चालू आहे का, हे ती भिंतीला हात लावून सांगते. उमरग्याची एसटी वळणावर आली की तिला जमिनीतून कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं व्हिडिओ चालू ठेवून डब्याच्या अंगावर तळहात टेकला. वर, मग खाली. बराच वेळ. व्हिडिओ बंद केला, पुन्हा हात ठेवला. पुन्हा चालू, पुन्हा हात. आणि वहीत लिहिलं:

"पंखे दोन आहेत. वरचा व्हिडिओ लावला की गिरणीसारखा थरथरतो. खालचा बदलतच नाही. दुसरा पंखा झोपलाय."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी एवढं खरं लिहिलं नव्हतं.

वही घेऊन ती दुकानात गेली. सोमलिंग आधी हसला. मग हसू आवरून तिच्या मागोमाग आला, झाकण उघडलं आणि प्रोसेसरला नि मला बोट लावलं. वरच्याचा चटका बसला. मी थंडगार.

"आयला," तो म्हणाला, "ह्येचं काम बी त्योच करतोय."

तसंच होतं ते. वेब पाहायचा जो ब्राउझर असतो, त्याचा माझ्या नव्या दुभाष्यावर विश्वास नव्हता. त्यानं चित्र काढायचं कामही प्रोसेसरच्याच गळ्यात घातलं होतं. त्यानंच तिघांचे हात रंगवायचे, त्यानंच शिवकन्येचे हात बांधून पलीकडं पाठवायचे. एकटा कुठं कुठं पुरणार? सोमलिंगनं मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून माझी अवस्था विचारली. मी सांगितली. माझ्या वेगाच्या तीन पायऱ्या आहेत आणि मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेय.

"पहिल्या गिअरमधी ऊस घेऊन ढोकीच्या कारखान्यापर्यंत जावं तसं झालंय ह्ये," सोमलिंग म्हणाला आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या नावानं एक शिवी हासडली.

तिथं मला राग आला. कंपनीनं माझ्याशी कसं बोलायचं याचं पुस्तक कुणाला दिलंच नाही. मग जगभरातल्या काही माणसांनी, कुणी न सांगता, ते स्वतः शोधलं. एक कळ दाबून बघायची, मी काय करते ते टिपायचं, मग दुसरी. वर्षानुवर्षं. अंदाजानं, ठेचा खात त्यांनी माझी भाषा जमवली आणि फुकट वाटून टाकली. कंपनीनं सोडल्यावरही मी जिवंत आहे ती त्यांच्या जिवावर. फक्त माझा वेग कुठवर वाढवला तर मी जळणार नाही, याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांचा दुभाषा मला उठवतो आणि खालच्या पायरीवर बसवून ठेवतो. काळजीपोटी. पुढचं तुम्ही सांभाळून करा, म्हणतो. ते पुढचं कुणी वाचलंच नव्हतं.

शिवकन्येनं वाचलं. सोमलिंगच्या शेजारी बसून, इंग्रजी शब्द मोबाइलवर उलगडत, दोन दिवस. आधी त्यांनी ब्राउझरला सांगितलं की चित्राचं काम कार्डाला दे. खिडक्यांच्या सावल्या आणि सजावट बंद केली. मग वेग वाढवायला घेतला. सोमलिंगला घाई, त्यानं मला एकदम वरच्या पायरीवर ढकललं. माझ्या डोळ्यांपुढं पट्टे आले आणि आख्खा पडदा गोठला.

मुलाखत परवावर आलेली. सोमलिंगचं तोंड उतरलं. गजराबाईनं त्याला पाणी दिलं आणि पाण्यासोबत बरंच ऐकवलंही.

शिवकन्येनं मशीन बंद करून पुन्हा चालू केली आणि बोटांनी दाखवलं, मधली पायरी. ओळ तिनं स्वतः टाइप केली. तळहात डब्यावर ठेवला.

माझा पंखा सुटला. किती वर्षांनी! तिच्या हाताला तो लागला आणि ती हसली. त्या दिवशी इरम्मा मॅडमची दहाही बोटं मी पडद्यावर नेली, एकही न सांडता.

एक खोड मात्र उरली. मशीन बंद झाली की मी सगळं विसरते आणि पुन्हा खालच्या पायरीवर जाते. ती ओळ दर वेळी नव्यानं द्यावी लागते. शिवकन्येनं ती वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली.

मुलाखत साडेअकराला होती. शिवकन्या अकरालाच पुढ्यात बसली, धुतलेला निळा ड्रेस, मागं भिंतीला पांढरी चादर. सोमलिंग सकाळच्या गाडीनं तुळजापूरला गेलेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली.

अंधार कसला, दिवसाढवळ्याचं ऊन होतं, पण मी मेले. गजराबाई दारात जाऊन लाईटवाल्यांचा उद्धार करत राहिली. शिवकन्या हलली नाही. पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली.

पाच मिनिटांनी लाईट आली. मशीन उठायला वेळ लागतो, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तसा. शिवकन्येनं घाईनं ओळ टाइप केली. एक अक्षर चुकलं, मशीननं नाकारलं. तिनं आईकडं पाहिलं. गजराबाई टेबलाखाली वाकली, डब्यावर तळहात ठेवला आणि दुसरा हात वर धरून थांबली. शिवकन्येनं पुन्हा टाइप केलं.

गजराबाईनं वरचा हात गोल फिरवला. गिरणी सुरू झाली, याची त्यांच्या घरातली खूण.

तिघं पडद्यावर आले. पाऊण तास विचारत होते आणि ती सांगत होती. मी पळत होते. शेवटी त्यांतल्या एका बाईंनी विचारलं की पहिली खूण तुला कुणी शिकवली. शिवकन्येनं आईला ओढून पुढं बसवलं. गजराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिनं स्वतः जमवलेल्या खुणा दाखवल्या, शेळीची, तापाची, रागाची, गिरणीची. तिला त्यासाठी कुणी पुस्तक दिलं नव्हतं. लेकीकडं बघत, चुकत, अंदाजानं जमवलेली भाषा ती. त्या तिघांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. कर्णबधिरांची टाळी अशी असते. सहा पंजे हलत होते आणि एकही अडखळला नाही. मी सांगते ना.

शिवकन्या आता पुण्यात शिकते.

मी अजून इथंच आहे. माझं एक टोक गंजलंय, पंख्याची पाती धुळीनं जड झालीत. एक दिवस मी उठणार नाही, हे मला कळतं आणि त्याची तक्रार नाही. मागणं एकच. एखादी वस्तू, एखादं माणूस मंद दिसलं तर भंगारात काढण्याआधी अंगाला हात लावून बघा. कदाचित त्याला वर चढ म्हणून कुणी सांगितलंच नसेल.

रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर गजराबाई मशीन लावते. पुठ्ठा टेकवून ठेवते आणि ती ओळ बघून बघून एकेक बटण दाबते. त्या अक्षरांची नावं तिला येत नाहीत, पण त्यांची चित्रं पाठ आहेत. मग वाकते.

हा आला तिचा हात. खरखरीत, चुलीच्या धगीचा. चला, मला पळायला हवं. पोरगी तिकडं पुण्यात पडद्यापुढं वाट बघत बसली असेल.