सरावाचं पाणी

"आज सामना न्हाई, आज सराव हाय," असं आमचे हे म्हणाले, तेव्हा मोहनरावांनी जीपसुद्धा बंद केली नव्हती. मोहनराव म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून दर आठवड्याला कुठे ना कुठे कबड्डीचे सामने भरवायचे आणि आमच्या गावची पोरं जीपमधून न्यायचे. हे शाळेत शिपाई. पण कबड्डी शिकवायचे, म्हणून उमापूरची पोरं यांना वस्ताद म्हणायची.

"सराव बघायला कोण येतंय बे, उत्तरेश्वर?"

"कुणीच न्हाई, मालक. पण पडायचं कसं, ते सामन्यात शिकता येत न्हाई. पोरं लई थकलीत. बिभीषणची जिल्ह्याची निवड हाय पंधरा दिसांवर."

दुष्काळाचं साल. प्यायलाच टँकर, तिथं मैदान भिजवायला पाणी कुठलं? तरी माती मऊ राहावी म्हणून प्रत्येकानं घरून अंघोळीचं, भांड्याचं सांडपाणी कळशीतून आणायचं, हा यांचा नियम. माझ्या मोरीचं पाणीही तिकडेच जायचं. मी चिडायचे, गाव हसायचं. पण तेवढ्या ओल्या मातीवर बिभीषण तयार झाला होता. आईबाप ऊसतोडीला. निवड झाली तर खेळाडू म्हणून पोलीस भरती, नाहीतर हातात कोयता, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

तोच पुढे झाला. "वस्ताद, मी जाऊ का? चेअरमन कारखान्यात लावतो म्हणतेत."

"कशापायी जातो? गुडघा दुखतोय म्हणत होतास ना काल?"

"हितं कोण वळखतंय आमाला?"

तो जीपमध्ये चढला. त्या मोहनरावांचं वाटोळं होवो, असं मी मनात म्हटलं, खोटं कशाला सांगू?

सामन्याच्या मैदानावर कुणी तांब्याभर पाणी शिंपडलं नव्हतं. पकडीत बिभीषण आपटला आणि गुडघा फिरला. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळता येणार नाही. मोहनराव निवडून आले. हे नोकरीचं विचारायला गेले, तर म्हणाले, "लंगड्याला कुठं लावू?" त्यानंतर यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. सांडपाणी मी अंगणात ओतू लागले.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला. बिभीषणचे आईबाप आधी चढले. यांनी त्याला आधार द्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, वस्ताद. सवय करायला पायजे," तो म्हणाला.

त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय उचलला, ट्रकच्या फळीवर ठेवला आणि मग वर चढला.